रोज ओझं वाहूनही खुबा कच्चा कसा?

प्रश्न : माझं वय ५१, वजन ७८ किलो. वर्षभर उजव्या कुल्ल्याच्या वर, कमरेला खळी पडते तिथे दुखतंय. खुर्चीवरून उठताना आणि जिना चढताना जास्त. डॉक्टरांनी 'एसआय जॉइंट'चं दुखणं सांगितलं, म्हणाले वजन उतरवा. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणतात, खुब्याचे स्नायू कच्चे आहेत. हमालाचे खांदे ओझं उचलून भरतात, मग वीस वर्षं हे वजन वागवून माझे खुबे पैलवानासारखे व्हायला नकोत का? आणि माझ्या जाऊबाई माझ्याहून वजनदार, त्यांना काहीच होत नाही, ते कसं?
— एक वाचक, कराड

उत्तर : हमालाचा दाखला निम्मा बरोबर आहे. वजनदार माणसाच्या मांडीचा आणि खुब्याचा जोर यंत्रावर मोजला, तर बारीक माणसापेक्षा तो बहुधा जास्तच भरतो. पण शरीराच्या दर किलोमागे जोर किती, असा हिशेब मांडला की आकडा खाली येतो. चरबी वाढते त्या प्रमाणात स्नायू वाढत नाही. थोडी चरबी स्नायूच्या धाग्यांमध्येही शिरते, आणि असा स्नायू भरलेला दिसला तरी तेवढा ओढत नाही. शिवाय हमाल ओझं उचलतो, ठेवतो, पुन्हा उचलतो. आपण आपलं ओझं बहुतेक वेळ खुर्चीत बसवून ठेवतो!

आता एक करून बघा. उजवा पंजा खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, परकराच्या नाडीच्या जरा खाली ठेवा. डाव्या हाताने ओट्याचा आधार घ्या आणि डावा पाय उचला. पंजाखाली जे टणक झालं तो ग्लूटियस मीडियस. उजव्या पायावर उभ्या राहिलात की त्या पायाचे १३ किलो सोडून उरलेले ६५ किलो खुब्याच्या डावीकडे लोंबतात आणि हा स्नायू उजवीकडून त्यांना तोलून धरतो. तराजूच म्हणा, पण काटा मधोमध नसलेला. वजनाची दांडी स्नायूच्या दांडीपेक्षा साधारण दुप्पट लांब असते. म्हणजे ६५ किलो तोलायला स्नायूला १३० किलोंची ओढ लावावी लागते आणि खुब्याच्या वाटीवर दोन्ही मिळून १९५ किलो येतात. हे नुसतं एका पायावर उभं राहण्याचं. चालताना प्रत्येक पावलाला ही पाळी येते. वजन १० किलोंनी वाढलं की स्नायूच्या वाट्याला जवळपास १७ किलो जास्त.

स्नायूला हे झेपलं नाही की कमरेची उचललेल्या पायाकडची बाजू खाली झुकते, नाहीतर माणूस धड दुखऱ्या बाजूला टाकून डुलत चालतो. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली जन्मतः खुबा निखळलेल्या रुग्णांची अशी चाल बघून त्यामागे हा कच्चा स्नायू असल्याचं दाखवून दिलं. एका पायावर उभं करून कंबर झुकते का ते बघायची तपासणी आजही त्यांच्याच नावाने होते.

तुमचं दुखणं मात्र खुब्याच्या वाटीत नाही, त्याच्या मागे आहे. पाठीच्या कण्याच्या तळाशी त्रिकास्थी हे हाड दोन बाजूंच्या हाडांमध्ये पाचरीसारखं ठोकलेलं असतं. त्याचे दोन सांधे, म्हणजेच डॉक्टरांचे 'एसआय जॉइंट', जेमतेम दोन-तीन अंश हलतात. ही पाचर घट्ट राहते ती हाडांच्या खडबडीत बैठकीमुळे, बळकट अस्थिबंधांमुळे आणि वरून आवळणाऱ्या स्नायूंमुळे. त्यात मोठा वाटा ग्लूटियस मॅक्सिमसचा, म्हणजे ज्यावर आपण बसतो त्या स्नायूचा. तो ढिला पडला की सांध्याचा ताण अस्थिबंधांवर येतो.

आपल्याकडे कंबर दुखली की 'मणक्यात गॅप पडलाय' हे ठरलेलं. १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी मणक्यांमधल्या सरकलेल्या चकतीने पायात कळ कशी जाते ते दाखवलं आणि तेव्हापासून बरंचसं खापर चकतीवर फुटत आलंय. प्रत्यक्षात जुनाट कंबरदुखीत साधारण १५ ते ३० टक्के लोकांचं दुखणं या पाचरीच्या सांध्यांचं असतं. तुमच्या डॉक्टरांनी ते ओळखलं, हे बरं झालं.

जाऊबाईंचं कोडं तसं अवघड नाही. एकटं वजन दुखणं देत नाही. कुल्ल्यावर आपटून पडणं, बाळंतपणात सैल झालेले अस्थिबंध, पायांच्या लांबीतला फरक, यांतलं काहीतरी आधी लागतं. एकदा दुखायला लागलं की मज्जासंस्था त्या भागातल्या स्नायूंचा जोर आपणहून कमी करते. मग चालणं कमी, त्यामुळे स्नायू आणखी कच्चा आणि वजन आणखी वर. जाऊबाई या फेऱ्यात अजून सापडलेल्या नाहीत, इतकंच.

तेव्हा डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट बाई दोघंही बरोबर, पण सुरुवात स्नायूंपासून करा, असं माझं मत. नियमित व्यायामाने दीड-दोन महिन्यांत त्यांचा जोर वाढलेला जाणवतो. वजन सावकाश उतरतं आणि उपासमार करून उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो. ताटातली डाळ, उसळ, दही, अंडं कमी करू नका. बाईंनी कुशीवर झोपून पाय उचलायला सांगितलं असेल तर पाठ भिंतीला टेकवा आणि टाच भिंतीवरून घासत वर न्या. पाय पुढे आला की काम मांडीच करून टाकते.

लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि चाळिशीच्या आतलं घरातलं कुणी सकाळी अर्धा तास कंबर आखडते, फिरलं की मोकळी होते असं म्हणत असेल, तर त्याला संधिवाततज्ज्ञाकडे पाठवा. ते दुखणं वेगळं.

बाजारातून येताना पिशवी दुखऱ्या बाजूच्या, म्हणजे उजव्या हातात धरा. डाव्या हातात धरलीत तर तराजूच्या लांब दांडीवर वजन वाढतं. काठीचं उलट : ती घ्यायची वेळ आलीच तर डाव्या हातात.