तेल पाजूनही फॅट का उतरलं?

प्रश्न : डेअरीत फॅट कमी लागतं म्हणून संकरित गाईला रोज सरकीचं तेल पाजतो. फॅट आणखीच घसरलं. असं का?

उत्तर : तेल लगेच बंद करा. गाईच्या दुधातलं जवळपास निम्मं फॅट कासेतच तयार होतं, आणि त्याचा कच्चा माल चाऱ्यातल्या तंतूंपासून मिळतो. कोठीपोटातले जिवाणू तंतू आंबवून अ‍ॅसिटेट बनवतात. सरकीच्या तेलातलं लिनोलिक आम्ल या जिवाणूंना घातक असतं, त्यामुळे ते त्याचं रूप बदलू पाहतात. तेल जास्त आणि वैरण कमी असली, की हे रूपांतर भलत्या वाटेला जातं. त्यातून तयार होणारं एक ट्रान्स मेदाम्ल रक्तावाटे कासेत पोचतं आणि तिथली फॅटनिर्मितीच दाबतं. अगदी थोडं असलं तरी त्याचा परिणाम मोठा असतो.

कडबा किंवा वाळलेला चारा वाढवा, भरडा थोडा कमी करा. फॅट सावरायला दोन-तीन आठवडे लागतील, धीर धरा. मेद द्यायचाच असेल तर बायपास फॅट घ्या. त्यातले कॅल्शियमचे क्षार कोठीपोटात फारसे विरघळत नाहीत, पुढच्या आम्लधर्मी जठरात सुटे होतात. मात्रा पशुवैद्यकांना विचारूनच ठरवा.