राजीनामा

मुलांनो, 'राजीनामा' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत 'राज़ीनामा' म्हणजे दोन पक्षांतील तडजोड. मराठीत मात्र राजीनामा म्हणजे पद किंवा नोकरी सोडत असल्याचे पत्र. उर्दूत त्याला 'इस्तीफ़ा' म्हणतात. कंधारच्या एखाद्या कचेरीत 'साहेबांनी राजीनामा दिला' असे ऐकले, तर भांडण मिटले असे समजू नका. साहेबांनी नोकरी सोडली, असा त्याचा अर्थ!

'राजी' म्हणजे कबूल आणि 'नामा' म्हणजे लेख. म्हणून राजीनामा स्वतःच्या मर्जीनेच द्यायचा असतो.

१९५६ साली लालबहादूर शास्त्री रेल्वेमंत्री होते. महबूबनगरजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला. अनेक माणसे दगावली. तेव्हा महबूबनगर आणि आपले कंधार एकाच हैदराबाद राज्यात होते. शास्त्रीजींनी पंतप्रधान नेहरूंकडे राजीनामा दिला, पण तो स्वीकारला गेला नाही. ते काम करीत राहिले. नोव्हेंबरमध्ये मद्रास राज्यात अरियलूर येथे पुन्हा मोठा अपघात झाला. शास्त्रीजींनी पुन्हा राजीनामा दिला. या वेळी तो मंजूर झाला.

यावरून काय कळते? राजीनामा देणे आणि तो मंजूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी नोकर राजीनामा देऊन लगेच घरी बसू शकत नाही. मंजुरी मिळेपर्यंत त्याला कामावर जावे लागते.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे राजीनाम्याच्या दोन प्रती काढाव्यात. दोन्हींवर सही करून तारीख घालावी. एक प्रत रजिस्टर टपालाने संस्थेकडे पाठवावी, दुसरी स्वतःजवळ ठेवावी. कायम कर्मचाऱ्याने तीन महिने आणि कायम नसलेल्याने एक महिना आधी सूचना द्यावी.

तारीख एवढी महत्त्वाची का? कोऱ्या किंवा तारीख नसलेल्या कागदावर कोणी सही घेतली, तर त्या कागदाचा उपयोग पुढे केव्हाही करता येतो. मग सही करणाऱ्याची नोकरी दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणून अशा कागदावर कधीही सही करू नये.

आता हा नमुना वाचा.

दि. १ जून
प्रति,
मा. अध्यक्ष,
शिक्षण संस्था, ता. कंधार, जि. नांदेड.

विषय : लिपिक पदाचा राजीनामा.

महोदय,
मी आपल्या शाळेत दोन वर्षांपासून अस्थायी लिपिक आहे. पुढील शिक्षणासाठी मला नांदेडला राहावे लागणार आहे. म्हणून मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. एक महिन्याची सूचना धरून मला ३० जून रोजी कार्यमुक्त करावे. माझ्याकडील कपाटाच्या किल्ल्या व नोंदवह्या मी त्याआधी सोपवीन. कृपया अनुभवाचा दाखला मिळावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)

या पत्रात राग नाही, तक्रार नाही आणि खोटी स्तुतीही नाही. जेवढे हवे तेवढेच आहे.

शब्दार्थ
स्वखुशीने – आपल्या मर्जीने
अस्थायी – कायम नसलेला
कार्यमुक्त करणे – कामातून मोकळे करणे
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. 'राजीनामा' या शब्दाच्या उर्दू व मराठी अर्थांत कोणता फरक आहे?
२. राजीनाम्यावर तारीख का घालावी?
३. शाळेच्या क्रीडामंत्रिपदाचा राजीनामा मुख्याध्यापकांना लिहा.