एकोत न दिसणारं

अगं, कार्डियाक एमआरआय लिहून दिला म्हणून इतकी धास्तावू नकोस. एकोत तुझ्या हृदयाची भिंत जाड दिसली, एवढंच आज कळलंय. मोठ्या माणसात ती 15 मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरली, की हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीची शंका घेतात. पण भिंत बीपीनेही जाड होते, अमायलॉइड नावाचं प्रथिन स्नायूत साचल्यानेही होते, आणि तिन्हींचे उपचार निराळे. म्हणून ही तपासणी अजिबात टाळू नकोस.

एकोत आकार, हालचाल, झडपा छान कळतात. स्नायूच्या आत व्रण आहे का, ते मात्र एमआरआयच नीट दाखवतो. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम देतात, दहाएक मिनिटं थांबतात आणि मग चित्रं घेतात. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जातं, व्रणाच्या जागी रेंगाळतं. काळ्या स्नायूवर तेवढा भाग पांढरा उठतो. तो कुठे उठला, यालाही अर्थ असतो! हार्ट अटॅकचा व्रण आतल्या अस्तराकडून सुरू होतो, मायोकार्डायटिसचा बहुधा बाहेरच्या बाजूला असतो. शिवाय व्रण किती पसरलाय, यावरून ठोके बिघडण्याचा धोका डॉक्टरांना जोखता येतो.

मंगळसूत्र, जोडवी, चमकी, केसांतल्या पिना घरीच काढून ठेव. पाऊण-एक तास लागतो. मशीन खूप खडखडतं, कानाला हेडफोन देतात. आतून ‘श्वास घ्या, सोडा, थांबा’ असं सांगत राहतात. तेव्हा दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा. तो सुटला की चित्र पुसट येतं, म्हणून आजपासून रोज रात्री सराव कर. बंद जागेत तुझा जीव घाबरतो, हे त्यांना आधीच सांग. हातात बझर असतो, दाबलास की बाहेर काढतात. एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग यात नसतो. मात्र किडनीचा त्रास, पेसमेकर किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर लपवायचं नाही. क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत ने.

आणि हायपरट्रॉफिकच निघाली, तर ती बहुतेकदा घराण्यातून आलेली असते. मग माझा, दादाचा आणि तुझ्या मुलांचाही ईसीजी-एको करायचा. दादा ‘मला काय धाड भरलीय’ म्हणेल. त्याचं ऐकायचं नाही, त्याला आपण दोघी मिळून घेऊन जाऊ.