मुडलीचे पॅटिस आणि तव्यावरचा पाव

थंडी पडू लागली की आमच्या जोयडा तालुक्यातील कुणबी वाड्यांच्या परसांत कंद खणण्याची लगबग सुरू होते. मुडली, कोनफळ, सुरण, काटेकणगी असे कितीतरी प्रकार! अलीकडच्या वर्षांत जोयड्यास या कंदांचा मेळा भरतो आणि दूरदूरची माणसे ते हौसेने विकत नेतात. घरातील मुलांपुढे मात्र उकडलेली मुडली ठेवली की ती नाक मुरडतात आणि पाव मागतात. तेव्हा पाव व मुडली यांची गाठ घालून देता येईल काय, या विचाराने आम्ही जो उद्योग केला, त्याची ही हकीकत आहे.

अमेरिकेत ‘पॅटी मेल्ट’ नावाचा पदार्थ आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास लॉस एंजेलिसच्या परिसरातील उपाहारगृहांतून तो रूढ झाला. टायनी नेलर या उपाहारगृहाच्या चालकाकडे त्याचे श्रेय सामान्यतः दिले जाते. राय या धान्याच्या पावाचे दोन काप, मध्ये खिम्याची चपटी वडी, तांबूस परतलेला कांदा व वितळलेले चीज, आणि हे सारे लोणी लावून तव्यावर भाजलेले. राय आपल्याकडे कुठली मिळणार? आम्ही आदल्या दिवशीचा साधा पाव घेतला. तो ताज्यापेक्षा घट्ट असतो व चांगला कापला जातो. खिम्याच्या जागी मुडली आली.

मुडली अळूच्या कुळातील. अळूच्या फदफद्यात आजी चिंच का घालते, हे पहिल्याच खेपेस आमच्या घशाने आम्हांस शिकविले! या कुळातील वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व ते कातडीस टोचतात. म्हणून हातास तेल लावून मुडली सोलावी, तुकडे करून चार-पाच आमसुले घातलेल्या पाण्यात सुरी सहज शिरेपर्यंत उकडावी आणि ते पाणी टाकून द्यावे. तुकडे गरम असतानाच कुसकरावे, वड्या मात्र लगदा पूर्ण निवल्यावरच थापाव्या. खिम्यातील प्रथिने शिजताना आपोआप एकमेकांस धरून ठेवतात. कंदात ते काम पिठूळ द्रव्य, म्हणजे स्टार्च करतो, आणि तो निवताना घट्ट होतो. लगद्यात आले, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ व दोन चमचे तांदळाचे पीठ मिसळावे. पावाच्या आकाराच्या, अर्धा बोट जाडीच्या वड्या करून घावनाच्या बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात भाजाव्या. खालची बाजू तव्यास आपण होऊन सोडीपर्यंत उलथने लावू नये.

खरी परीक्षा कांद्याची. चार मोठे कांदे उभे पातळ चिरून चिमूटभर मिठासह मंद आचेवर ठेवावे. कांद्यातील पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, आणि नीट तांबूस होण्यास त्याहून अधिक उष्णता लागते. पाणी आटले की कांद्यातील साखर व अमिनो आम्ले यांचा संयोग होऊन रंग व सुगंध उत्पन्न होतो. फ्रेंच रसायनज्ञ मेयार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. आमच्या चुलीवर यास पाऊण तास लागला. आच वाढविली तर कडा करपतात आणि गाभा कच्चाच राहतो. एवढे चार कांदे शेवटी जेमतेम एका वाटीत मावले, तेव्हा घरच्या माणसांस हा शुद्ध अपव्यय वाटला. असो.

दुसऱ्या खेपेस चीजऐवजी आम्ही घरचे पनीर घातले व फजिती झाली. ते तापले, लाल झाले, पण वितळेना. लिंबाने दूध फाडले की त्यातील बरेचसे कॅल्शियम निवळीबरोबर निघून जाते, आणि उरलेले केसीन हे प्रथिन उष्णतेने पातळ न होता अधिकच आवळते. चीज करताना दूध विकराने विरजतात, त्यामुळे ते कॅल्शियम केसीनशी बांधलेले राहते व असे चीज तापल्यावर पसरते. दुकानातील प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार घातलेले असतात. तेही सुरेख वितळते.

तिसऱ्या खेपेस मांडणी अशी केली : पाव, चीज, कांदा, मुडली, पुन्हा चीज, पुन्हा पाव. दोन्ही बाजूंच्या चीजमुळे कांद्याचा ओलावा पावापर्यंत पोहोचत नाही आणि भिंतीत चुना सांधतो तसे सारे थर सांधले जातात. बाहेरच्या बाजूंस लोणी लावून, मध्यम तापलेल्या तव्यावर ठेवून वर पाण्याने भरलेला लहान तांब्या ठेवला. तीन-चार मिनिटांनी एकदाच उलटले. लगेच कापले तर चीज ओघळून जाते, म्हणून क्षणभर थांबून तिरपे कापले.

धाकट्याने पावाच्या कडा ताटात काढून ठेवल्या. मुडली मात्र सारी संपविली.