घोड्याची उंची : इंचांचे ‘हँड’ कसे करावे?

घोड्याच्या सौद्यात उंचीला मोठे महत्त्व असते. एक-दोन इंचांच्या फरकानेही किंमत बदलते. सारंगखेड्यासारख्या घोडेबाजारात उंची इंचांत सांगण्याचा प्रघात आहे. मात्र इंग्रजी पद्धतीच्या कागदपत्रांत ती ‘हँड’ या मापात लिहिलेली आढळते. हे दोन्ही हिशेब ज्यास अवगत नाहीत, त्याची फसगत होण्याचा संभव असतो.

हँड म्हणजे काय? हँड म्हणजे आपला ‘हात’ नव्हे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा आपला हात सुमारे १८ इंचांचा. हँड हे पंजाच्या रुंदीवरून आलेले माप असून ते ४ इंचांचे, म्हणजे १०.१६ सेंटिमीटरचे ठरलेले आहे.

मोजणी. घोडा सपाट व कठीण जमिनीवर चारही पायांवर सरळ उभा करावा. मान संपून पाठ सुरू होते तेथे, दोन्ही खांद्यांच्या मधोमध जो उंचवटा असतो, त्याच्या माथ्यापासून जमिनीपर्यंतचे उभे अंतर म्हणजे घोड्याची उंची. डोक्यापर्यंत मोजू नये. अंगावरून फीत टाकल्यास ती वळणाने जाते व माप जास्त भरते. म्हणून आडवी पट्टी बसविलेली सरळ काठी वापरावी. नाल ठोकलेली असल्यास तिची जाडी वजा करावी.

रूपांतर. इंचांस ४ ने भागावे. भागाकार ते हँड व बाकी ते इंच. उदाहरणार्थ, ५८ भागिले ४ केल्यास भागाकार १४ व बाकी २ येते. म्हणून उंची १४ हँड २ इंच, ही १४.२ अशी लिहितात. उलट करताना १४ ला ४ ने गुणून त्यात २ मिळवावे.

५६ इंच – १४.० – १४२.२४ सें.मी.
५८ इंच – १४.२ – १४७.३२ सें.मी.
५९ इंच – १४.३ – १४९.८६ सें.मी.
६० इंच – १५.० – १५२.४० सें.मी.
६३ इंच – १५.३ – १६०.०२ सें.मी.

मुख्य दक्षता. येथील टिंब दशांशाचे नाही. टिंबापुढे ०, १, २ किंवा ३ हेच अंक येतात. चार इंच झाले की पुढचा हँड पूर्ण होतो. मोबाइलवर ५८ ला ४ ने भागल्यास १४.५ असे उत्तर येते. तेच कागदावर उतरविल्यास वाचणारा ‘१४ हँड ५ इंच’, म्हणजे ६१ इंच समजेल. घोडा कागदावर तीन इंचांनी वाढेल! यंत्राच्या उत्तरातील .२५ म्हणजे १ इंच, .५ म्हणजे २ इंच व .७५ म्हणजे ३ इंच होत.

ग्रामसेवकांनी दाखल्यावर वा नोंदवहीत उंची लिहिताना हँडसोबत इंच व सेंटिमीटर हेही अवश्य लिहावेत. खरेदीदार शेतकऱ्यांनी पैसे मोजण्यापूर्वी काठी लावून घोडा स्वतः मोजावा, व कागदावरील आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.