शेळी हरवली तर: आधी जनावर, मग पैसे



या अंकाचा पाठ शेळीपालनाचाच आहे, पण लसीकरणाचा किंवा चाऱ्याचा नाही. शेळी हरवल्यावर जे फोन येतात, त्यांचा आहे.

आपल्यापैकी कितीतरी जणींनी गटातून कर्ज काढून शेळी घेतली आहे. ती चरायला गेली आणि दिवेलागणीला परतली नाही, तर जिवाची काय घालमेल होते ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. इकडे करडं ओरडत असतात, तिकडे पुढच्या बैठकीत हप्ता भरायचा असतो. नेमकी हीच घाई हेरून फसवणारी माणसं आहेत. शेळी तर गेलेलीच असते, वरून हातातले पैसेही जातात.

फसवणूक कशी होते?

शेळी हरवली की आपण पोराला म्हणतो, "टाक रे ग्रुपवर." फोटो, रंग, शिंगं, अंगावरच्या खुणा, गावाचं नाव, मोबाईल नंबर असं सगळं एकाच मेसेजमध्ये जातं. तो मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत कुठच्या कुठे पोहोचतो. मग फोन येतो:

"ताई, तुमची काळी शेळी आमच्याकडे आलीय. उजव्या कानावर पांढरा ठिपका आहे ना? टेम्पोत घालून पाठवतो. डिझेलचे 800 रुपये टाका, ड्रायव्हर थांबलाय."

खूण जुळली म्हणून आपल्याला खात्री वाटते. पण ताई, ती खूण त्याला कुणी सांगितली? आपल्याच मेसेजनं! 800 रुपये पाठवले की दुसरा फोन येतो, "गाडी नाक्यावर अडवलीय, अजून 1500 टाका." त्यानंतर फोन बंद.

याच फसवणुकीची आणखी काही रूपं बघा:

1. साहेब बनून बोलणारा. "पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमचं जनावर पकडलंय, फोनवरून दंड भरा." मोकाट जनावर कोंडवाड्यात घातलं असेल, तर तिथे जाऊन दंड भरायचा, पावती घ्यायची आणि जनावर सोडवून आणायचं. कुणाच्या खासगी नंबरवर दंड भरायचा नसतो.

2. "पैसे परत करतो" म्हणणारा. "चुकून जास्त घेतले, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे परत येतील." पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

3. फोटोच्या नावाखाली फाइल पाठवणारा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी "एपीके" असेल, तर तो फोटो नाही, ॲप आहे. ते उघडून मोबाईलमध्ये घेतलं तर बँकेचे ओटीपीसुद्धा चोरीला जाऊ शकतात. अनोळखी माणसानं सांगितलेलं कुठलंही ॲप घेऊ नका.

4. दिशा सांगणारा. हा मोबाईलच्या आधीपासूनचा. "शेळी पूर्वेला आहे, पाण्याजवळ आहे, एवढे पैसे ठेवा म्हणजे नीट दिसेल." पैसे आणि शोधायचा वेळ, दोन्ही वाया जातात.

एक खूण राखून ठेवा

या पाठातली बाकी गोष्ट विसरलात तरी चालेल, पण ही लक्षात ठेवा. मेसेजमध्ये सगळ्या खुणा द्यायच्या नाहीत. निदान एक खूण स्वतःजवळ ठेवायची आणि फोटोतही ती दिसू द्यायची नाही. पोटाखालचा डाग असेल, खुरावरची जुनी जखम असेल. सगळ्यात पक्की खूण म्हणजे कानातला टॅग. त्यावर 12 अंकी नंबर असतो आणि दोन जनावरांचा नंबर एक नसतो.

फोन आला की शांतपणे विचारा, "दादा, टॅगचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवा." शेळी खरंच समोर असेल तर तो लगेच वाचेल. नसेल तर चिडेल, घाई करेल, विषय बदलेल. टॅग पडला असेल, तर राखून ठेवलेली दुसरी खूण विचारा. व्हिडिओ कॉलवर शेळी दाखवायला सांगा. गावाचं नाव विचारा आणि म्हणा, "तुमच्या पोलीस पाटलांशी बोलणं करून द्या."

चांगली माणसंही असतात, ताई. दुसऱ्याचं जनावर दावणीला बांधून, वैरण घालून मालकाची वाट बघणारी माणसं आपल्याच भागात आहेत. अशा माणसाला दोन प्रश्न विचारले तर राग येत नाही. त्याला बक्षीस जरूर द्या, गाडीभाडं द्या, पण शेळी ताब्यात आल्यावर, हातात. आधी जनावर, मग पैसे. आणायला एकटीनं जाऊ नका. घरचं माणूस किंवा गटातल्या दोघीजणी सोबत घ्या.

शोध कुठे घ्यायचा?

शेळी एकटी फार लांब जात नाही, बऱ्याचदा दुसऱ्या कळपात मिसळते. म्हणून आधी त्याच वाटेनं चारणाऱ्यांकडे चौकशी करा. मग ओढा, विहीर, शेजारची शिवारं बघा. ग्रामपंचायतीत आणि कोंडवाड्यात विचारा. पशुसखीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात टॅग नंबर कळवा. जवळचे आठवडी बाजार बघा. चोरीचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. आणि हे सगळं सोपं जावं म्हणून आजच शेळीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, टॅग नंबर गटाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

पैसे गेलेच तर?

लगेच 1930 या नंबरवर फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा नंबर, तारीख, वेळ आणि समोरच्याचा मोबाईल नंबर जवळ ठेवा. मेसेज पुसू नका. बँकेलाही कळवा. "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा" असा फोन नंतर आला, तर तीही फसवणूकच समजा.

आणि ताई, लपवू नका. "घरी काय म्हणतील, गटात हसतील" या विचारात दोन दिवस जातात आणि चोराला हवे असतात तेच दोन दिवस. गटात सांगायला लाजू नका. तुमच्या सांगण्यानं दुसरीचे पैसे वाचतील. आणि ऐकणाऱ्या मैत्रिणींनो, "तुला एवढंही कळलं नाही का?" असं म्हणू नका. तिच्याबरोबर बसून 1930 लावा.

पुढच्या बैठकीत करून बघा

- एकीनं फोन करणारा व्हायचं, दुसरीनं शेळीची मालकीण. बाकीच्यांनी ओळखायचं, माणूस खरा की खोटा, आणि कशावरून.
- "शेळी हरवली आहे" असा मेसेज सगळ्यांनी मिळून लिहा. कोणती खूण द्यायची आणि कोणती राखायची ते ठरवा.
- प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये 1930 नंबर सेव्ह करा. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी पासबुकावर लिहा.
- आपल्या गावाचा कोंडवाडा कुठे आहे आणि त्याची पावती कोण देतं, हे एकीनं ग्रामपंचायतीत विचारून यायचं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक