सरकतें दार अडतें कां?

न्हाणीघरांत फवाऱ्याभोंवतीं कांचेचें सरकतें दार बसविण्याची रीत आतां पुष्कळ घरांत रूढ झाली आहे. कांहीं वर्षांनीं असें दार घासूं लागतें, मग अडतें. तेव्हां बहुतेक माणसें तें जोरानें ओढतात. हा उपाय नव्हे, अपाय होय. ही कांच तापवून व एकदम थंड करून कठिण केलेली असते. तिच्या मध्यावर बराच भार सोसला जातो. परंतु कडेला किंवा कोपऱ्याला आघात झाल्यास क्षणांत तिचा चुरा होतो. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या बालकावर किंवा वृद्धावर असा प्रसंग येऊं नये, म्हणून या विषयाचा विचार आम्ही येथें करीत आहों.

प्रथम रचना पाहूं. बहुधा दाराचा सर्व भार वरच्या रुळांत फिरणाऱ्या लहान चाकांवर असतो. खालची खोबण भार वाहत नाहीं. दार झुलूं नये एवढेंच तिचें काम. म्हणून दोष तीन ठिकाणीं शोधावा: मळ, तोल आणि चाकें.

मळ कोठून येतो? ज्या पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात, त्यांत साबणाला फेस येत नाहीं. अशा पाण्यास दुष्फेन म्हणतात. दख्खनेंतील पुष्कळ विहिरींचें पाणी असेंच आहे. हे क्षार साबणाशीं संयोग पावून चिकट साका बनतो, आणि पाणी सुकल्यावर चुन्याचा पांढरा थर मागें राहतो. साका जुन्या दांतांच्या ब्रशानें काढावा व निचऱ्याचीं भोकें काडीनें मोकळीं करावीं. चुन्याच्या थरावर शिरका व कोंबट पाणी समभाग घेऊन त्यांत भिजविलेलें फडकें थोडा वेळ ठेवावें. शिरक्यांतील आम्लानें थर विरघळतो. मात्र संगमरवरास शिरका लावूं नये, कारण तोहि त्याच द्रव्याचा आहे. तसेंच शिरका व ब्लीच कधींहि एकत्र करूं नयेत. त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो.

इतकें करूनहि दार घासत असेल, तर खालची फट दोन्ही टोकांस सारखी आहे कीं नाहीं तें पाहावें. एक बाजू उतरली असल्यास त्या बाजूच्या चाकाचा स्क्रू किंचित् सैल करावा, दार उचलून समपातळीस आणावें, व स्क्रू पुन्हां घट्ट करावा. चाक तडकलें किंवा झिजलें असल्यास त्याच व्यासाचें नवें घ्यावें. दार उतरविण्याचें काम दोन प्रौढ माणसांचें आहे. मुलांनीं तें करूं नये. उतरविलेलें दार उघड्या फरशीवर न टेकतां जाड गोधडीवर ठेवावें.

शेवटीं चाकांस सिलिकोनचें वंगण अल्प लावावें. खोबरेल किंवा यंत्राचें तेल घालूं नये. त्यावर केस व धूळ चिकटून तोच दोष पुन्हां उद्भवतो.

विद्यार्थिमित्रहो, स्नानानंतर खोबण कोरड्या फडक्यानें पुसण्यास अर्धें मिनिट लागतें. ही संवय तुम्ही लावून घ्या, म्हणजे वडील माणसांचा पुढील सारा खटाटोप वांचेल. आणि कोणतीहि वस्तु अडली असतां, जोर लावण्यापूर्वीं ती कां अडली हें विचारा.